भिंतीतलं गुंतवळ

ही वही माझ्या पुतणीची, सविताची आहे. पुढच्या बाजूनं तिचा रसायनशास्त्राचा अभ्यास आहे. मागची थोडी पानं कोरी होती, तिथून मी लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायला बसले की हाताला घाम सुटतो, म्हणून पानावर रुमाल ठेवते. बोलायचं तर त्याहून अवघड. चार माणसांत मला कधी नीट बोलता आलं नाही.

माझ्या पोटातून केसांचा गोळा निघाला. तो कसा झाला हे एकट्या सवितानं खरं सांगितलं, आणि मी तिला खोटं पाडलं. ते लिहून ठेवते.

*

आमच्याकडे बायका विंचरून निघालेले केस फेकत नाहीत. वाऱ्यावर गेले, कुणाच्या हाती लागले, तर कुणी काही करील ही भीती. बोटाभोवती गुंडाळून, थू थू करून, ते गुंतवळ भिंतीच्या दगडांमधल्या फटीत खोचायचं. केसांवर भांडी देणारी बाई आली की काढायचं आणि वाटी नाहीतर पळी घ्यायची. आमच्या दाराच्या डाव्या हाताला अशी एक फट होती. तिच्यात माझे केस असत, आणि माझ्या मीनाचे.

मीना सात वर्षांची असताना भूकंप झाला. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. गणपती बुडवून आल्यावर ती आजीजवळ आत निजली. आम्ही दोघं अंगणात होतो म्हणून उरलो. माझी धाकटी जाऊ शेवंता, तिची सविता मीनाच्याच वयाची. त्या मायलेकी त्या आठवड्यात शेवंताच्या माहेरी होत्या.

आठ दिवसांनी ढिगारा उपसत होते. दाराकडची भिंत कमरेएवढी उभी होती. मी फटीत बोट घातलं, तर गुंतवळ हाताला लागलं. वरचे केस पिंगट, बारीक, अजून खोबरेलाचा वास असलेले. खालचे माझे. मी ते पदराच्या टोकाला बांधलं. शेवंतानं भांडी शोधून काढली, ह्यांनी जमिनीचे कागद काढले. मी घरातून एवढंच आणलं.

पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना मी गाठ सोडून वास घ्यायची. एका दुपारी एक केस ओठात धरला. मग गिळला. का, ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की गिळल्यावर श्वास मोकळा झाला. मग रोज एक. संक्रांतीपर्यंत मीनाचे संपले. तेव्हा मी माझ्या फणीकडे वळले.

*

पुढं हे लातूरला एका क्लासच्या इमारतीवर वॉचमन लागले. शिकवण्यांचा तो सगळा भाग पोरांनी भरलेला. गावोगावच्या लोकांनी आपली हुशार पोरं लातूरला आणून टाकलेली. घरमालकांनी जिन्याखाली खोल्या काढल्या, गच्चीवर पत्रे ठोकले. मी आठ मुलींचे डबे करायची. भूकंपाला नऊ वर्षं होऊन गेली होती, तरी मी पोळ्या दाराजवळ बसूनच लाटायची.

दहावीला सविताला चांगले गुण पडले. शेवंता तिला घेऊन आली, पेटी दारात ठेवली आणि म्हणाली, "अक्का, हिला डॉक्टर करायचंय बघा. तुमच्यापाशी राहिली तर मला घोर न्हाई."

सविता मला मोठी आई म्हणायची. तिचे केस कमरेच्या खाली. सकाळी क्लासच्या आधी ती पायरीवर बसायची, मांडीवर ही वही घेऊन पुटपुटायची, आणि मी विंचरायची.

"मोठी आई, दुखून राहिलं."

"मान हलवू नको मग."

"मान न्हाई हलवली तर फळ्यावरचं कसं दिसंल?"

"इथं कुठाय फळा?"

"डोळ्याम्होरं हाय. तू वढलं की पुसून जातोय."

ती गेली की मी फणी साफ करायची. मीना असती तर तिचे केस आता एवढे झाले असते, एवढंच मनात असायचं. सविताच्या केसांना काही चव नव्हती. चवीसाठी मी कधी खाल्लेच नाहीत.

एकदा ती पेन विसरली म्हणून जिन्यावरून परत आली. मी खिडकीशी फणी धरून उभी होते, तोंडातून केसाचं टोक बाहेर. तिनं पाहिलं. पेन घेतला आणि गेली. संध्याकाळी जेवताना मान खाली घालूनच म्हणाली, "मोठी आई, केस पचत न्हाईत. आमच्या पुस्तकात हाय."

मी म्हटलं, "भात घे."

दुसऱ्या दिवसापासून तीच फणी साफ करायची. गुंतवळ कागदात बांधून दप्तरात घालून न्यायची. मला काही बोलली नाही, तिच्या आईलाही नाही. पण केस काय फणीतच असतात? उशीवर असतात, मोरीत असतात, साडीला चिकटून येतात.

*

दुखणं एका दिवसात आलं नाही. आधी अर्ध्या भाकरीत पोट भरायला लागलं. मग ढेकर घाण यायचे, इतके की मी ह्यांच्याशी बोलताना पदर तोंडावर धरायची. गाल बसले, हात काटक्या झाले, आणि बेंबीच्या वर मात्र गोळा. हात फिरवला की कडक लागायचा.

शेजारची म्हणाली, "दिवस गेले जणू?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला माहीत होतं तसं काही नाही. पण लोक तसं म्हणायला लागल्यावर हे संध्याकाळी येताना चिंचा आणायचे, आणि मी त्या घ्यायची. आत काहीतरी वाढतंय याचं मला बरंच वाटायचं. हे लिहायची लाज वाटते, पण तसंच होतं.

थंडीत शेवंता सविताला भेटायला आली. शेंगाच्या पोळ्या आणल्या होत्या. मला जवळ बसवून तिनं एक खाऊ घातली. "आता तरी खा, अक्का. दोन जीव हायत म्हनं." त्यानंतर चार दिवसांनी मी भावाच्या मुलाच्या बारशाला माझ्या माहेरी, कंधारला गेले. पाळण्याच्या गाण्याच्या वेळी पहिली उलटी झाली. हिरवी.

तीन दिवस पाणीसुद्धा टिकेना. शौच बंद, वारा बंद. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. कळ यायची ती लाटेसारखी यायची, चढायची आणि माणसाला पार पिळून टाकायची. कंधारच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि आईला म्हणाले, "हे माझं काम न्हाई. नांदेडला न्या. आत्ताच." भावानं जीप केली. लोह्याच्या पुढं खड्ड्याखड्ड्याला मी देवाला म्हणत होते की आता ने. मरायची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. पोट फाडलं की आतलं सगळ्यांना दिसणार.

*

नांदेडच्या दवाखान्यात नाकातून नळी घातली. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. फोटो काढून आणल्यावर त्या माझ्या खाटेशी वाकल्या. "मावशी, घाबरू नका. आतडं कशानं तरी अडलंय. माती, खडू, पाटीची पेन्सिल, केस, असलं काही खायची सवय आहे का? पुष्कळ बायकांना असते."

किती सोपं करून विचारलं होतं त्यांनी. पण माझी आई उशाशी उभी होती. "आमच्या पोरीला असलं वंगाळ न्हाई लागत, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "चांगल्या घरची हाय."

"त्यांना बोलू द्या."

मी म्हटलं, "न्हाई."

ऑपरेशन झालं. मी ते पाहिलं नाही, ह्यांनी पाहिलं. स्टीलच्या ट्रेमध्ये घालून बाहेर आणलं होतं. काळं, चिकट, पोटाच्या पिशवीचा आकार घेतलेलं, आणि खाली वेणीच्या शेपटासारखा पेड, तो पार आतड्यात उतरलेला. त्यानंच वाट अडवली होती. आई बघून भिंतीला धरून खाली बसली, आणि पहिला शब्द बोलली तो, "करणी."

शुद्धीवर आल्यावर मी सिस्टरला विचारलं, "ते कुठाय?"

"काय?"

"पोटातलं."

"ते काय घरी न्यायचंय? गेलं जाळायला."

सगळ्यात आत मीनाचे असणार. जे पहिल्यांदा गिळले, ते मधोमध. सगळे म्हणत होते, वाचलीस. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिला दुसऱ्यांदा नेलं, आणि या वेळी मी तिथं असूनही आडवी पडलेले होते.

*

दवाखान्याचा दिवस म्हणजे वाट बघणं. सकाळी आया फरशी पुसताना खाटांखालची माणसं उठवायची, डबे, चटया, चपला सगळं वर. मग डॉक्टर यायचे आणि सगळ्यांदेखत विचारायचे, "वारा सरला का?" तो सरेपर्यंत पाण्याचा घोट नाही. मी लाजेनं मान वळवायची.

शेजारच्या खाटेवर रजियाआपा होत्या. नांदेडच्याच, बांगड्यांच्या दुकानाच्या घरातल्या, पित्ताचे खडे काढलेल्या. त्या म्हणायच्या, "काय जी, आली का हवा? ही सरकारी जागा हाय, इथं हवेची पण खबर द्यावी लागती." चौथ्या दिवशी वारा सरला तेव्हा मी कुणाला सांगेना. त्यांनीच ओरडून सांगितलं, "सिस्टर! आमच्या बाईची हवा आली!" सगळा वार्ड हसला. टाक्यांवर हात दाबून मीही हसले. दवाखान्यात मी एवढंच हसले.

त्याच दुपारी त्यांनी माझे केस विंचरले. फणीतलं गुंतवळ काढलं, माझ्याकडं एकदा बघितलं, कागदात घट्ट बांधलं आणि स्वतः उठून बाहेर टाकून आल्या. परत आल्यावर हळूच म्हणाल्या, "माझी बडी बहन भिंतीचा चुना खायची. शेवटपर्यंत कुणाला बोलली न्हाई. तुम्ही बोलून टाका, बाई."

मी डोळे मिटले.

*

पाचव्या दिवशी शेवंता आणि सविता लातूरहून आल्या. एस.टी.नं आल्या होत्या, हातात ताकाचा डबा. दारातून शेवंता "अक्का" म्हणून धावतच आली, तर आई मध्ये उभी राहिली.

"तिथंच थांब. पाय म्होरं टाकू नको."

"का? काय झालं, मावशी?"

"मला इचारतीस? पोळीत काय घातलं व्हतंस? लांब काळे केस निघाले माझ्या लेकीच्या पोटातून. माझ्या लेकीचे एवढाले हायत का? कुणाचे हायत, सांग की!" आणि आईनं सविताच्या वेणीकडे बोट केलं. "हिची एक गेली, तुझी वाचली. तेवढ्यानं पोट न्हाई भरलं का तुझं? आता पदरात काही पडंल असं वाटलं, तर लगेच घास घातलास."

हे खाटेच्या पायाशी उभे होते.  डॉक्टरीणबाईंनी त्यांना आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं, की अशी सवय दुःखामुळं लागते, मनाच्या डॉक्टरला दाखवा. ह्यांनी उत्तर दिलं होतं, "आमच्या घरात कुणी येडं न्हाई."

शेवंताच्या हातातला डबा कलला, ताक फरशीवर सांडलं.  तेव्हा सविता बोलली.

"आज्जे, करणी न्हाई. मोठी आई केस खाते. मी बघितलंय."

शेवंतानं वळून तिच्या थोबाडीत दिली. आवाज सगळ्या वार्डात गेला. सविता रडली नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "मोठी आई, सांग की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आई, हे, शेवंता. शेजारच्या खाटेवरून रजियाआपा. माझ्या नाकात नळी होती, घसा सोललेला होता. बोलायची गरजच नव्हती. नुसती मान हलवायची होती.

मी मान हलवली. डावीकडून उजवीकडे. नाही.

*

मला कंधारला आणलं. आईनं लिंबू उतरून टाकलं. माझ्या टाक्यांना पू झाला तरी मी ओरडले नाही, हे भोगायलाच हवं असं वाटायचं. महिन्याभरानं लातूरला परत आले, तेव्हा सविताची पेटी नव्हती. ह्यांनी दिराला निरोप दिला होता, पोर घेऊन जा. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर होती. खिडकीत फणी होती, स्वच्छ. ही वही कॉटखाली भिंतीला लागून पडली होती. घाईत राहिली असणार.

परीक्षेला ती गावाहून जाऊन बसली. दोन विषयांत राहिली. गावात ज्यांच्या घरात करणीचं नाव निघालं त्यांच्याकडं सोयरीक कोण करणार, म्हणून दिरानं लांबचं स्थळ बघितलं आणि त्याच उन्हाळ्यात तिला हिमायतनगरला देऊन टाकली. आम्हाला बोलावणं नव्हतं.

लग्नाची बातमी कळली त्या दिवशी जेवताना मी ह्यांना सांगितलं. "ते केस मीच खाल्ले होते. सविता खरं बोलत होती."

हे घास तसाच धरून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुझा जीव लई भोळा हाय. त्यांना वाचवायला असलं अंगावर घेऊन राहिलीस." आणि स्वतःच्या ताटातली पोळी माझ्या ताटात ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी माझं कधी असं कौतुक केलं नव्हतं.

*

दिवाळीनंतर मी एकटी गावी गेले. पुनर्वसनाचं गाव म्हणजे सिमेंटच्या घरांच्या रांगा. भिंतींना फट नाही, तेव्हा बायका गुंतवळ पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवतात. शेवंताच्या खिडकीत तसा डबा होता. ती सुपात तूर निवडत होती. बस म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. मी उंबऱ्यावर बसले.

"शेवंता, सविता खरं बोलत होती."

ती निवडत राहिली. "मला ठाऊक हाय."

"कवापासून?"

"तवापासूनच. माझी पोर खोटं बोलत न्हाई, अक्का."

"मग मारलंस कामून?"

"तुमच्यासाठी. ऑपरेशन झालेलं माणूस, सगळा वार्ड बघून राहिला होता. तुमची अब्रू जाऊ नये म्हणून हात उचलला." तिनं एक खडा वेचून बाहेर फेकला. "वाटलं होतं, एवढं बघून तरी तुम्ही हाव म्हणताल."

मी मग म्हटलं, "आता सांगते. आईला सांगते. हिमायतनगरला जाऊन सविताच्या सासूला सांगते."

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तिथं पाऊल टाकायचं न्हाई. ती सासू काय म्हणंल? पोरीच्या घराण्यात येड हाय, तिच्यात बी आसंल. पोर कशीबशी दोन घास खाऊन राहिली तिथं. आता तोंड उघडायचं न्हाई, अक्का. तवा उघडायचं होतं."

मी उठले. पायरी उतरले तर ती मागून म्हणाली, "मीनाचे बी होते का त्यात?"

मी हो म्हटलं. मान वरखाली हलवून. तिच्यासमोर ती सहज हलली.

तिनं सूप परत मांडीवर घेतलं, पण हात तुरीवर नुसते ठेवले.

*

हे कुणी वाचेल असं वाटत नाही. तरी कधी कुणाच्या हाती पडलं आणि तिलाही अशी काही खोड असली, तर तिनं डॉक्टरला पहिल्यांदा विचारतील तेव्हाच सांगावं. आई उशाशी उभी असली तरी सांगावं. डॉक्टर हसत नाहीत. मला तर त्यांनी सवय असते असंच म्हटलं होतं.

मी माझे केस कानापर्यंत कापून टाकले आहेत. पदर असतो, कुणाला दिसत नाही. डब्यांच्या मुली दोन वेण्या घालून जेवायला येतात, तेव्हा मी वाढून आत निघून जाते. त्या गेल्यावर खोली झाडते. झाडताना काही दिवस केरात हात घालत नाही, काही दिवस घालते.

सविताचं शेवटचं पान अर्धंच आहे. एक वाक्य मध्येच तुटलं आहे, कुणी हाक मारली असेल. बहुतेक मीच, वेणी घालायला. मी मागून लिहीत लिहीत इथवर आले आहे. तिच्या त्या पानात आणि माझ्या या पानात दोन पानं कोरी उरली आहेत. ती मी भरणार नाही.